मदत हवी आहे : इंजिनची अर्थ केबल (इंजिनला गाडीच्या बॉडीशी जोडणारी जाड तार) नाशिकमध्ये कुठे बनवून मिळेल?

पेट्रोल हॅचबॅक. सेल्फ मारला की नुसता 'टक', पण डॅशबोर्डचे दिवे मंद होत नाहीत. बॅटरी ठीक: उभ्या गाडीत 12.6, सेल्फ मारताना 11 व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीची निगेटिव्ह पोस्ट ते बॉडी ड्रॉप (व्होल्टेजचा फरक) 0.1 व्होल्ट, पण पोस्ट ते इंजिन ब्लॉक तब्बल 3.2. जंपर केबलने ब्लॉक बॉडीला जोडला की गाडी लगेच सुरू, म्हणजे स्टार्टर निर्दोष.

बॉडी-गिअरबॉक्स पट्ट्याचे (हीच ती अर्थ केबल) लग, म्हणजे टोकाच्या बोल्टच्या कड्या, पॉलिश पेपरने घासले, खालचा रंग खरवडला. आता ड्रॉप 0.9, सेल्फ फिरतो पण जड. बहुधा क्रिंपच्या (लग तारेवर दाबून बसवलेल्या जोडाच्या) आतलं तांबं हिरवं पडलंय; तिथे घासून काय होणार!

निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर (बॅटरीतून जाणारा-येणारा करंट मोजणारा) आहे, त्यामुळे नवी केबल थेट पोस्टवर नको, बॉडीवरच हवी. 25 स्क्वेअर एमएम पुरेल की 35 घ्यावी? आणि द्वारका, सातपूर किंवा अंबडकडे हातोडीने न ठोकता हायड्रॉलिक क्रिंप करून कोण देतं?