१ टनाच्या लाकडाच्या बॉयलरवर कोळसा: ग्रेट, फॅन, चिमणी काय काय बदलावं लागेल?

रंगहौद
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या सुताचं डाइंग युनिट आहे. बॉयलर १ टनाचा, थ्री-पास स्मोक ट्यूब, वर्किंग प्रेशर १०.५४ किलो (चौ.सें.मी.ला), चालतो ५ ते ६ किलोवर. भट्टी विटांची, बॉयलरच्या पुढे बांधलेली. ग्रेट (इंधन जळतं ती लोखंडी जाळी) साडेचार फूट बाय चार फूट, बारमधली फट जवळजवळ एक इंच. आयडी फॅन (धूर ओढणारा) आणि सायक्लोन (धुरातली राख वेगळी करणारा) आहे. एफडी फॅन (आगीखाली हवा ढकलणारा) नाही, राखदानाच्या दारातून जेवढी हवा ओढली जाईल तेवढी. चिमणी २० मीटर.
१२ तासांच्या पाळीत साडेतीन ते पावणेचार टन लाकूड जातं, बहुतेक वेडी बाभूळ. पावसाळ्यात वखारीतून येणारा माल इतका ओला असतो की हौद तापायलाच उशीर होतो, मग रंगाची शेड जुळत नाही आणि लॉट पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून वणी-चंद्रपूरकडचा कोळसा लावायचा विचार आहे. प्रश्न तीन: खर्चात खरंच फरक पडतो का? याच भट्टीत कोळसा जळेल का? कागदपत्रं काय लागतात? ठेकेदार म्हणतो, "काही बदलायचं नाही, टाका आणि पेटवा." ते पटत नाही.

वाफेचाहिशोब
आधी आकडे मांडा, मग ठेकेदाराला बोलवा. फीड पाणी (बॉयलरमध्ये जाणारं) ६० अंशाचं धरलं तर १ टन वाफेला साधारण ६ लाख किलोकॅलरी पोचवाव्या लागतात.
लाकूड: किलोला ३००० कॅलरीचं (बाजारात कॅलरी म्हणतात ती किलोकॅलरीच; हे चांगलीच ओल असलेलं), बॉयलरची कार्यक्षमता ६० टक्के. एका किलोमागे १८०० कॅलरी हाती लागतात. १ टन वाफेला ३३३ किलो लाकूड. तुमचा रोजचा खप याच्याशी जुळतोय.
कोळसा: ४४०० कॅलरीचा (जी १० ग्रेड), हाताने फायरिंग, कार्यक्षमता ६५ टक्के. एका किलोमागे २८६०. १ टन वाफेला २१० किलो.
३३३ भागिले २१० म्हणजे १.५९. कोळसा तुमच्या दारात पडण्याचा दर लाकडाच्या दराच्या १.५९ पटीच्या खाली असेल तरच पुढचं बोलणं. दारात म्हणजे ट्रकभाडं, उतराई, घट आणि राख उचलायचा खर्च धरून. चंद्रपूर पट्ट्यातून सोलापूरपर्यंत भाडंच मोठं बसतं, त्यामुळे खाणीवरचा दर ऐकून हुरळून जाऊ नका.
करही बघा. लाकडावर जीएसटी नाही. कोळशावर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आहे, टनामागचा ४०० रुपयांचा सेस तेव्हापासून गेला. इनपुट क्रेडिट तुम्हाला पूर्ण वापरता येतं की अडकून पडतं, हे तुमच्या सीएला विचारा. अडकत असेल तर तो कर सरळ दरात धरा.
आणि एक फसगत नेहमीची. व्यापारी कॅलरी सांगतो ती हवेत वाळवलेल्या नमुन्याची, म्हणजे एडीबी. तुम्ही पैसे देता ते ट्रकमधल्या ओल्या कोळशाचे. ५००० एडीबी, आतली ओल ६ टक्के, एकूण ओल १४ टक्के असेल तर ५००० गुणिले ८६ भागिले ९४, म्हणजे ४५७० च्या आसपास. सौदा एआरबीवर, म्हणजे माल येतो त्या ओलीसकटच्या कॅलरीवर करा आणि राखेचा टक्का बिलावर लिहून घ्या.

फायरडोअर
मालक, "टाका आणि पेटवा" म्हणणाऱ्याने कोळशाची भट्टी उघडून बघितलेली नसावी.
मुळात दोन्हीचं जळणं वेगळं. कोरड्या लाकडाचा पाऊण भागाहून जास्त हिस्सा वायू होऊन वर जळतो, म्हणून लाकडाला आगीच्या वरून हवा लागते. आपल्याकडच्या कोळशात वायू पंचवीस ते तीस टक्के. बाकीचा कार्बन ग्रेटवर बसून जळतो आणि त्याला खालून दाबाने हवा द्यावी लागते. नुसत्या आयडीच्या ओढीवर खालचा थर अर्धा काळाच राहील, कोळशाचा चुरा फटीतून राखदानात पडेल आणि तो पैसा तुम्ही राखेबरोबर फेकाल.
ग्रेट: एक इंचाची फट चालत नाही. ओतीव लोखंडाची पिनहोल ग्रेट बसवा, भोक वरून ८ ते १० मि.मी. आणि खाली रुंद होत जाणारं, म्हणजे राख अडकत नाही. उघडा भाग एकूण क्षेत्रफळाच्या १० ते १५ टक्के. तुमचं १८ चौरस फूट म्हणजे १.६७ चौ.मी. त्यावर ताशी २१० किलो म्हणजे चौरस मीटरला १२५ किलो. हाताने फायरिंगला हे बसतं, भट्टी वाढवायची गरज नाही.
एफडी फॅन: दीडपट हवा धरून तासाला १७०० ते १८०० घनमीटर. २००० घनमीटर, ७५ मि.मी. पाण्याचा दाब, २ एचपी मोटर पुरे. राखदान मात्र हवाबंद हवं. दाराला दोरी-पॅकिंग लावा, नाहीतर फॅनची हवा दारातूनच परत येते. तीन चतुर्थांश हवा खालून, बाकी फायरिंग दाराच्या झडपेतून वरून.
फायरिंग: लाकडासारखं एकदा कोंबून अर्धा तास निवांत बसता येत नाही. ताशी २१० म्हणजे दर पाच मिनिटांनी १७ किलो, तीन-चार फावडी, एकदा डाव्या अंगाला, एकदा उजव्या. थर चार ते पाच इंच. ढेकळं २५ ते ५० मि.मी.ची. चुरा जास्त असेल तर थोडं पाणी मारून टाका. टाकल्यावर पहिलं मिनीट-दोन मिनिटं वरची झडप उघडी ठेवा, काळा धूर तेव्हाच निघतो.
खंगर (वितळून घट्ट झालेली राख): इथेच सगळे हरतात. फायरमनला लाकडाची आग सळईने उसकायची सवय असते. कोळशात तसं केलं की खालची राख वरच्या लाल थरात जाते, वितळते आणि थंड होताना ग्रेटवर पोळी धरते. त्या पोळीखाली हवा पोचत नाही, बार लाल होऊन वाकतात. आग वरून ढवळायची नाही. दर तीन-चार तासांनी जळता कोळसा एका बाजूला सारून मोकळ्या बाजूचा खंगर ओढायचा, मग दुसरी बाजू. बारवर दीड-दोन इंच राख कायम राहू द्या, तीच बारांना वाचवते.
कोळसा आणि लाकूड एकत्र जाळू नका. लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, त्याने कोळशाची राख कमी तापमानालाच वितळते. पेटवणीपुरतं लाकूड ठीक.
विटा: आग लागते त्या पट्ट्यात, ग्रेटपासून वर फूटभर, आयएस ८ दर्जाची फायरब्रिक आणि बारीक सांधे. साध्या विटेला खंगर चिकटला की काढताना वीटच निघते.

तुरकाट्या
विरोधी मत नोंदवतो. तुमची अडचण लाकूड ही नाही, पाणी ही आहे.
४० टक्के ओलीचं लाकूड किलोला जेमतेम २३०० कॅलरी देतं, २० टक्क्यांचं ३२५० च्या आसपास. पण नीट बघा: ४० टक्क्यांचं १ टन घेऊन तुम्हीच शेडमध्ये वाळवलं तर ते ७५० किलो उरतं आणि एकूण उष्णता फक्त ६ टक्के वाढते. खरी लूट वजनकाट्यावर होते. म्हणून ओल मोजून दर ठरवा. साधं पिनवालं मॉइश्चर मीटर घ्या, ओंडका मधून फोडून आत टोचा, साल टोचून काही कळत नाही. मीटरवरचा आकडा बहुधा कोरड्या वजनावर असतो हेही लक्षात असू द्या. ४० टक्के खरी ओल म्हणजे तिथे ६७ दिसायला हवेत, आणि एवढ्या ओलीला असे मीटर भरवशाचे राहत नाहीत. तेव्हा वादाच्या गाडीचा दोन किलोचा तुकडा ओव्हनमध्ये १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.
मार्च ते मे सोलापूरचं ऊन फुकट आहे. जून-ऑगस्टचा साठा तेव्हा फोडून, जमिनीपासून सहा इंच वर, वरून पत्रा आणि बाजू उघड्या अशा शेडमध्ये रचा. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळलेला ढीग वाळत नाही, कुजतो.
तेही नको असेल तर ब्रिकेट. बगॅस, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं भूस, तुरकाट्या यांची ९० मि.मी.ची कांडी, ३५०० ते ४००० कॅलरी, ओल १० टक्क्यांच्या आत. तुमच्याच ग्रेटवर जळते, फार तर बार थोडे जवळ घ्यावे लागतील. मातीमिश्रित माल ओळखायचा असेल तर थोडी कांडी जाळून राखेचं वजन करा. ८ टक्क्यांच्या वर गेली तर परत पाठवा.
आणि हँकच्या (सुताच्या लडीच्या) हौदात वाफ थेट सोडता की बंद कॉइलमधून? कॉइल असेल आणि कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) गटारात जात असेल तर आधी ते फीड टाकीत आणा. पाणी ३० वरून ७५ अंशावर गेलं की सात-साडेसात टक्के इंधन वाचतं, कुठलंही जाळा.

रंगहौद
कॉइल आहे, आणि हो, कंडेन्सेट सोडून देतो. ते लगेच करतो. पण ब्रिकेटचा पुरवठा उसाच्या हंगामानंतर टिकत नाही, म्हणून कोळशाची तयारी तरी ठेवायची आहे. जुनाच आयडी आणि सायक्लोन चालेल का? २० मीटर चिमणी?

ड्राफ्टगेज
आयडीची हवा पुरते, दाब पुरत नाही. ओल्या लाकडाचा धूर कोळशापेक्षा कमी नसतोच, पण कोळशाची उडती राख सायक्लोनला झेपत नाही. सायक्लोन दहा मायक्रॉनच्या वरचं पकडतो. संमतीपत्रात धूलिकणांचा आकडा घनमीटरला १५० मि.ग्रॅ. असेल तर मागे बॅग फिल्टर (धूर गाळणाऱ्या कापडी पिशव्या) लागेलच, त्यासाठी आणखी १०० ते १५० मि.मी. पाण्याचा दाब धरून फॅन निवडा. सायक्लोन काढू नका, तो ठिणग्या अडवतो. साधी पॉलिस्टर पिशवी १३० अंशापर्यंतच टिकते. तुमचा धूर २०० ला येत असेल तर काचतंतूची पिशवी घ्या. धूर थंड करून साध्या पिशवीवर भागवू नका, गंधकाचं आम्ल पिशवीवर आणि पत्र्यावर धरतं.
चिमणीचं सूत्र: उंची = १४ गुणिले क्यू चा ०.३ घात, क्यू म्हणजे ताशी सल्फर डायऑक्साइड किलोत. २१० किलो कोळसा, गंधक ०.५ टक्के, म्हणजे २.१ किलो. उंची येते साडेसतरा मीटर. गंधक १ टक्का झालं तर साडेएकवीस. तेव्हा २० मीटरमध्ये बसायचं असेल तर खरेदीच्या करारात गंधकाची मर्यादा लिहा.
कागद: प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात इंधनाचं नाव आणि रोजचं प्रमाण लिहिलेलं असतं, ते आधी बदलून घ्या. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत आहे, लाकडाकडून कोळशाकडे जाताना प्रश्न विचारले जाणारच. बॉयलरच्या दाबाच्या भागाला, म्हणजे शेल, ट्यूब, ट्यूब प्लेट यांना, वेल्डिंग किंवा फेरबदल करायचा असेल तर बाष्पके संचालनालयाची लेखी मंजुरी आधी. १९२३ चा कायदा जाऊन २०२५ चा आला तरी ही अट कायम आहे.
राख: ३५ टक्के राखेचा कोळसा म्हणजे १२ तासांत पावणेनऊशे किलो, न जळलेला कार्बन धरला तर टनाच्या जवळ. सध्या तुम्ही दिवसाला चाळीस किलो काढता. जागा, माणूस आणि उचलणारा वीटभट्टीवाला हे तिन्ही आधी ठरवा.
ट्यूबही आठवड्यातून एकदा ब्रश कराव्या लागतील. चिमणीजवळ थर्मामीटर बसवा. साफ केल्यावरच्या आकड्यापेक्षा २२ अंश वर गेला म्हणजे एक टक्का इंधन गेलं.

फायरडोअर
वर एक गोष्ट राहिली, ती सर्वांत आधी सांगायला हवी होती. लाइट गेली तर? लाकूड ओढून बाहेर काढता येतं. कोळशाचा लाल थर पाऊण तास वाफ करत राहतो आणि फीड पंप बंद असतो. जनरेटरवर फीड पंप पहिला घ्या, किंवा वाफेवर चालणारा इंजेक्टर बसवा. लाइट जाताच राखदानाचं दार बंद, आगीवर ओली राख, मेन स्टीम व्हॉल्व्ह बंद. गेज ग्लासमध्ये पाणी दिसेनासं झालं असेल तर लाइट आल्यावर पंप चालू करायचा नाही. तापलेल्या ट्यूबवर थंड पाणी गेलं की ट्यूब प्लेट फुटते. आग पूर्ण विझवून बॉयलर आपोआप थंड होऊ द्या, आणि तपासून घेतल्याशिवाय परत पेटवू नका. दिवसपाळी-रातपाळी दोन्हीकडे परवानाधारक अटेंडंट हवा. लाकडावर हेल्परने निभावून नेलं जातं, कोळशावर नेऊ नका.
साठा: ढीग पाच-सहा फुटांच्या वर नको, आणि जुना माल आधी वापरा. इंडोनेशियन घेतलात तर आणखी जपा, तो कमी राखेचा असला तरी उन्हाळ्यात ढिगात आपोआप धुमसतो. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा, रोज सकाळी काढून हात लावून बघा. हात ठरत नसेल तर तो भाग पसरून त्याच दिवशी जाळा.

रंगहौद
जनरेटर आहे, पण त्यावर फीड पंप जोडलेला नाही. पिनहोल ग्रेटचं माप ओतकामवाल्याला देताना प्रसरणाची जागा किती सोडायची?

फायरडोअर
चार फुटांच्या बाराला टोकाशी मिळून १५ ते २० मि.मी. त्यापेक्षा दोन फुटांचे दोन तुकडे करा, मध्ये आडवी बेअरर (आधाराची) बार. एक तुकडा गेला तर तेवढाच बदलता येतो. आणि चार-सहा बार जादा ओतून ठेवा.