कुंडी पडली, कोणाला लागली नाही. मग गुन्हा कसला?

ऐरोलीकर_आजोबा: काल संध्याकाळी आमच्या सोसायटीत ७व्या मजल्यावरच्या खिडकीतून मातीची कुंडी खाली आली. खाली पोरं लगोरी खेळत होती, माझी नात चार पावलांवर. कुंडीवाले म्हणतात, ‘लागलं नाही ना? मग विषय संपला.’ माझ्या मते तक्रार द्यायलाच हवी. भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ बघा. बेदरकारपणे किंवा हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हाच गुन्हा. ३ महिन्यांपर्यंत कैद, २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुखापत झाली तर शिक्षा आणखी वाढते.

घणसोली_सेक्टर: काका, नात वाचली, देव पावला. पण शेजाऱ्याला चौकीत खेचायला माझा पूर्ण विरोध आहे. वारा सुटला, कुंडी पडली. प्रत्येक चूक फौजदारी नसते. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय की फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय मोठी, ढळढळीत लागते.

ठाणे_कोर्टनाका: तो खटला डॉक्टरांवरचा होता, पण मुद्दा खरा आहे, साधी चूक पुरत नाही. मात्र कलमात दोन शब्द आहेत. हयगय म्हणजे घ्यायची ती काळजी न घेणं. बेदरकारपणा म्हणजे धोका कळत असूनही ‘काही होत नाही’ म्हणून तसंच रेटणं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८८१ साली इदू बेग खटल्यात हा फरक मांडला, तो आजही चालतो. त्यामुळे वाऱ्याला पुढे करू नका. धोका त्यांना ठाऊक होता का, एवढंच विचारा.

ऐरोलीकर_आजोबा: होता! मे महिन्यात नोटीस फिरली: पावसाळ्याआधी कुंड्या ग्रिलच्या आत घ्या. त्यावर त्यांची सही आहे.

घणसोली_सेक्टर: सही असेल तर वाऱ्याचं माझं म्हणणं मागे घेतो. तरी पोलीस नकोत. उद्या लिफ्टमध्ये तोंड कसं दाखवायचं? सोसायटीने दंड लावावा.

कोपरखैरणेची_आई: लिफ्टमधल्या तोंडाची काळजी आहे, आणि पोरांच्या डोक्याची? ओल्या मातीची कुंडी दहा-बारा किलोंची असते. पुढच्या वेळी चार पावलांचं अंतर मिळेलच असं नाही.

ऐरोलीकर_आजोबा: अर्ज लिहून ठेवलाय, नोटिशीची प्रतही जोडलीय. रविवारच्या मीटिंगआधी उरलेल्या ५ कुंड्या आत गेल्या तर अर्ज फाडेन. आत्ता खाली जाऊन बघून आलो. पाचही तिथेच आहेत.