धंदाच करायचा तर इंजिनिअरिंग कशाला?

पायरीदगड: शाळा संपवलेल्या एका मुलाला धंद्याची ओढ आहे. त्याला इथे सल्ला मिळाला, "इंजिनिअरिंगमध्ये चार वर्षं घालवू नकोस, विकायला शिक. इंजिनिअर पगारावर मिळतात." वाचून राहवलं नाही. पगारावर ठेवाल हो, पण त्याचं ड्रॉइंग बरोबर की चूक हे कोण ठरवणार? साधं प्लास्टिकचं खोकं घ्या. थ्रीडी प्रिंटरवर सरळ उभ्या भिंती छान निघतात. तेच डिझाइन इंजेक्शन मोल्डिंगला (वितळलेलं प्लास्टिक पोलादी साच्यात दाबून भरायला) दिलं की भाग साच्यात अडकतो, ओरखडे पडतात, कारण भिंतींना १ ते २ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे साच्यातून सुटण्यापुरता तिरकेपणा, नसतो. साच्याचं पोलाद कापून झाल्यावर हे कळलं तर भांडवल तिथेच संपतं.

रोकडा: ड्राफ्ट साचेवालाही सांगेल. धंदा बुडतो रोकड संपल्याने. नग विकायचा १०० ला, माल-मजुरी ६०, सुटले ४०. महिन्याचा ठरलेला खर्च ४०,०००, म्हणजे १,००० नगांवर बरोबरी. पण मालाचे पैसे आज द्यायचे, गिऱ्हाइकाचे येणार ६० दिवसांनी. महिन्याला माल-मजुरी ६०,००० आणि ठरलेला खर्च ४०,०००, म्हणजे पहिला पैसा दिसेपर्यंत दोन महिन्यांत २ लाख बाहेर गेलेले! हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात? आणि व्हॅक्यूम क्लीनरवाला जेम्स डायसन रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचर आणि इंटिरिअर डिझाइन शिकला, इंजिनिअरिंग नव्हे.

पायरीदगड: त्याच डायसनने त्या क्लीनरचे ५,१२७ नमुने केले, एका वेळी एकच बदल करत. हेच तर इंजिनिअरिंग!

रोकडा: म्हणजे पदवी लागत नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.

साचेकरी: आधी ड्राफ्टचं पुरतं बोलू. पृष्ठभागावर टेक्स्चर (खरबरीतपणा) असेल तर १ अंश पुरत नाही. रिब, म्हणजे भिंतीला आतून आधार देणारी पट्टी, भिंतीइतकी जाड ठेवली की दर्शनी बाजूला खळगा पडतो, कारण जाड जागा उशिरा गार होते आणि आत ओढली जाते. रिब भिंतीच्या निम्मी, फार तर ६० टक्के ठेवा. भाग एकमेकांत अडकवणारी क्लिप आधी सैल ठेवा. साच्यातलं पोलाद कापून ती घट्ट करता येते. कापलेलं पोलाद परत भरायचं म्हणजे वेल्डिंग.

रोकडा: मुलाच्या चार वर्षांचा प्रश्न आहे आणि तुम्ही रिब मोजताय! गिऱ्हाइकासमोर कधी उभे राहिलात का?

साचेकरी: वैयक्तिक होऊ नका. पैशाचंच बोलतोय. पहिल्या २० नगांना पोलादी साचा लागतच नाही, सिलिकॉनच्या साच्यात ओतून निघतात. मागणी कळायच्या आत पोलाद कापणं हीच मोठी चूक.

रोकडा: बरं, एवढं कळायला इंजिनिअर लागतो, मान्य. पण शिकतानाच त्याने ते २० नग अनोळखी लोकांना आगाऊ पैसे घेऊन विकावेत. "छान आहे" म्हणजे ऑर्डर नव्हे.

पायरीदगड: याला माझी ना नाही. प्रवेशाआधी त्याने दोन गोष्टी विचाराव्यात: वर्कशॉप तासांनंतर वापरू देतात का, आणि प्रोजेक्टच्या पेटंटवर हक्क कोणाचा, विद्यार्थ्याचा की कॉलेजचा. दुसरं लेखी घ्यावं.