मेट्रनबाईंच्या नावाने पुरस्काराचा अर्ज भरतेय. ‘संशोधन’ आणि ‘सेवा’ या रकान्यांत काय लिहू?

साठखाटा:

नमस्कार. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी ६० खाटांच्या ट्रस्टच्या रुग्णालयात क्वालिटीचं काम बघते. मूळची स्टाफ नर्स, नंतर रुग्णालय व्यवस्थापनाचा डिप्लोमा केला. रुग्णालय व्यवस्थापनातलं संशोधन आणि सेवा यासाठी एक शैक्षणिक परिषद दरवर्षी पुरस्कार देते. त्याचा अर्ज ट्रस्टींनी माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, कुणाचं नाव द्यायचं ते तूच ठरव. मला विचार करावाच लागला नाही. आमच्या मेट्रनबाई. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या.

आता काय झालं ते सांगते. २०१५ च्या जूनमध्ये वरच्या एका वाडीतली सात महिन्यांची गरोदर बाई ओपीडीत आली, रक्त देऊन गेली. हिमोग्लोबिन ५.२, म्हणजे धोक्याइतकं कमी. रिपोर्ट तयार झाला आणि लॅबमध्येच पडून राहिला, अकरा दिवस. ती परत आली तेव्हा तिला धाप लागलेली, पाय सुजलेले. वाचली, बाळही वाचलं, पण ती रात्र मी विसरलेले नाही. माझी ड्युटी होती.

तोवर आम्ही सगळेच म्हणायचो, लोकांना किंमत नाही, रक्त देतात आणि रिपोर्ट न घेता जातात. बाई एकट्याच तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी लॅबमध्ये बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. न नेलेला प्रत्येक रिपोर्ट त्यात टाकायचा आणि शनिवारी मोजायचा. पहिल्या शनिवारी ४१ निघाले. मग दोन आठवडे त्यांनी प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने चार वेळा लिहायला लावल्या: खिडकीवर कधी, डॉक्टरांकडे कधी, रक्त कधी काढलं, रिपोर्ट हातात कधी. त्यातून दिसलं की रक्त दहापर्यंत काढून होतंय, तपासण्या साडेअकराला होतायत, पण सह्या सगळ्या एकदम होतात आणि मावशी एकच गठ्ठा दीड वाजता ओपीडीत आणतात. वरच्या वाड्यांची एसटी सव्वाला सुटायची. त्यानंतरची थेट संध्याकाळी. बाई स्वतः स्टँडवर जाऊन कंट्रोलरकडून वेळापत्रक उतरवून घेऊन आल्या होत्या, ते वेळापत्रक लॅबच्या दाराला आतून चिकटवलं.

बदल एवढाच केला की सह्या दर अर्ध्या तासाने, मावशींच्या फेऱ्या तीन, आणि त्या वाड्यांच्या पेशंटच्या केसपेपरवर लाल रेघ, म्हणजे त्यांचं रक्त आधी. नवीन मशीन नाही, नवीन माणूस नाही. दिवाळीनंतरच्या शनिवारी डब्यात ९ रिपोर्ट होते.

अर्जात ‘प्रकाशित शोधनिबंध’ असा रकाना आहे, त्याखाली नियतकालिकाचं नाव, वर्ष, लेखकांचा क्रम. बाईंचा एकही निबंध नाही. एका नर्सिंग परिषदेत एक पोस्टर लावलं होतं, बस. त्यापुढे ‘क्षेत्रासाठी केलेली सेवा’ असा रकाना. त्यात मी ३४ वर्षांची नोकरी लिहिली तर चालेल का? आणि निबंधाच्या जागी शून्य लिहिलं तर अर्ज वाचतील तरी का? ज्यांनी असे अर्ज भरलेत किंवा वाचलेत त्यांनी कृपया सांगावं. १५ तारखेपर्यंत पाठवायचा आहे.

निवृत्त_मास्तर:

सिस्टर, मी पुण्यात बरीच वर्षं रुग्णालय प्रशासन शिकवलं आणि अशा दोन-तीन निवड समित्यांवर बसलो आहे. शून्य असेल तर शून्यच लिहा. पोस्टरला निबंध म्हणू नका, ते पहिल्या मिनिटाला कळतं आणि मग पुढचं खरं असलं तरी वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. पण त्या रकान्याखाली ‘केलेला अभ्यास’ म्हणून एक पान जोडा. तुम्ही वर जे लिहिलंय ते संशोधनच आहे. प्रश्न होता, मोजमाप होतं, कारण शोधलं, बदल केला, पुन्हा मोजलं. छापलं नाही एवढंच.

तुमच्या बाईंचा डबा वाचून मला बॉस्टनचे डॉ. अर्नेस्ट कॉडमन आठवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सर्जन प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवायचा आणि वर्षभराने बघायचा की शस्त्रक्रियेचा शेवटी उपयोग झाला का. इतर रुग्णालयांनीही आपापले परिणाम जाहीर करावेत म्हणून भांडला, त्यापायी प्रतिष्ठेची जागा गमावली. मग स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ पेशंटांचा हिशेब त्याने छापला आणि त्यात १२३ चुका स्वतःहून नोंदवल्या. १९४० साली गेला तेव्हा त्याच्या कबरीवर दगडसुद्धा नव्हता, तो २०१४ साली बसवला. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने पुढे गुणवत्तेचा पुरस्कार त्याच्याच नावाने काढला. मी वर्गात हे दरवर्षी सांगायचो, कारण या विद्येचा पाया अशा नोंदींवर आहे आणि मुलांना वाटतं तो बॅलन्स शीटवर आहे.

आपल्याकडचं बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या कामाला जगभर मान मिळाला तो नुसत्या तळमळीला नव्हे. ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचं वजन घेणं, जंतुसंसर्ग ओळखणं, इंजेक्शन देणं शिकवलं आणि शेजारची ४७ गावं तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई घरोघरी जाऊन बाळं बघू लागल्या. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली गेले, १९७९ साली त्यांना मॅगसेसे मिळाला. तिथेही गावातली बाईच आरोग्यसेविका होती, आणि तिच्या कामाची नोंद होती. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झालं. आज व्यवस्थापनाच्या शाळांत ते शिकवलं जातं, कारण डॉ. वेंकटस्वामींनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतला प्रत्येक टप्पा कुणी करायचा हे नीट बसवलं. सर्जनने फक्त सर्जनचं काम करायचं, बाकी सगळं प्रशिक्षित मुलींनी.

तेव्हा ‘सेवाभावी’, ‘तळमळीच्या’, ‘मायेने’ हे शब्द अर्जातून काढा. बाई तशा असतीलच. समितीला पेन्सिलीने लिहिलेल्या चार वेळा दाखवा. एखादा जुना केसपेपर सापडला तर नाव झाकून त्याची छायाप्रत जोडा. एसटीचं वेळापत्रकही जोडा, मी समितीवर असतो तर त्या कागदापाशी थांबलो असतो.

ॲनआर्बरकर:

ताई, मी मिशिगनमध्ये आरोग्यसेवा व्यवस्थापनात पीएचडी करतोय, मूळचा सांगलीचा. एक गोष्ट सरांच्या उत्तरात आली नाही म्हणून लिहितो. शैक्षणिक पुरस्कारात ‘सेवा’ म्हणजे बहुतेक वेळा रुग्णसेवा नसतेच. तिचा अर्थ त्या विषयाची, त्या बिरादरीची सेवा असा असतो. दुसऱ्यांचे निबंध तपासणं, परिषद भरवणं, नव्या लोकांना हाताला धरून शिकवणं, अभ्यासक्रम तयार करणं. इथे ॲकॅडमी ऑफ मॅनेजमेंट नावाची संस्था आहे, तिचा आरोग्यसेवा व्यवस्थापनाचा वेगळा विभाग आहे. तो उत्तम निबंध, उत्तम प्रबंध यांना वेगळा पुरस्कार देतो आणि सेवेला वेगळा, मायरन फॉटलर या प्राध्यापकांच्या नावाने. पहिल्या वर्षी मलाही वाटलं होतं की दवाखान्यात राबणाऱ्यांना देत असतील.

म्हणून ३४ वर्षांची नोकरी त्या रकान्यात घालू नका. बाईंनी किती जणींना शिकवलं? त्यातल्या कोण कुठे इन्चार्ज आहेत? दुसऱ्या रुग्णालयातून कुणी येऊन ही पद्धत बघून गेलं का? नर्सिंगच्या मुलींच्या परीक्षा घेतल्या का? ते सगळं ‘सेवा’. तुम्ही स्वतःही त्यात मोडता, हे लिहायला लाजू नका.

आणखी एक. मी रोज ज्या इमारतीत जातो तिथे डॉ. अव्हेडिस डोनाबेडियन शिकवत होते. बैरुतमध्ये जन्मलेले आर्मेनियन. १९६६ साली त्यांनी मांडलं की उपचारांचा दर्जा तीन ठिकाणी बघायचा: रचना, प्रक्रिया आणि परिणाम. खाटा, माणसं, मशीन ही रचना. काम कसं होतं ती प्रक्रिया. पेशंटचं शेवटी काय झालं तो परिणाम. आरोग्यसेवा संशोधनाचा बॅक्स्टर पुरस्कार १९८६ साली सुरू झाला तो पहिला त्यांनाच मिळाला. तुमच्या बाईंनी रचनेला हात न लावता प्रक्रिया बदलली आणि परिणाम मोजला. जोडपत्रात याच तीन मथळ्यांखाली लिहा, वाचणाऱ्याला ओळखीची वाट मिळेल.

आकडेमोडे:

मी जिल्ह्याच्या ठिकाणी साथरोगाचं काम करतो. बाईंबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारतो. ४१ कितीपैकी? जूनमध्ये पाऊस, गाड्या बंद पडतात, दरडी येतात. दिवाळीनंतर रस्ते कोरडे. शिवाय भात कापणीच्या दिवसांत ओपीडीच कमी असेल तर डब्यातले रिपोर्ट आपोआप कमी होतील. हा प्रश्न समितीतला कुणीतरी विचारणारच, तेव्हा आधीच उत्तर द्या. त्या आठवड्यात एकूण किती तपासण्या झाल्या तो आकडा लॅब रजिस्टरात असतो. आणि पुढच्या वर्षीच्या जूनचा आकडा मिळाला तर फारच चांगलं, मग ऋतूचा मुद्दा उरत नाही.

आणि लॅब टेक्निशियनचं नाव अर्जात कुठे आहे? दर अर्ध्या तासाने सही करायला उठणं त्याच्या कामात भर घालणारं होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर बाईंची योजना तिथेच संपली असती.

निवृत्त_मास्तर:

आकडेमोडे यांचं बरोबर आहे, हे मी सांगायला हवं होतं. ‘पैकी’ हा शब्द नसलेला आकडा मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधात खोडून टाकायचो.

साठखाटा:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला चार दिवस गेले कारण मी रजिस्टर शोधत होते. २०१५ ची लॅबची वही स्टोअरमध्ये जुन्या सलाईन स्टँडच्या मागे सापडली, वाळवी एका कोपऱ्याला लागली होती पण आकडे शाबूत.

जूनचा तो आठवडा: २३६ तपासण्या, ४१ पडून. दिवाळीनंतरचा आठवडा: २५१ तपासण्या, ९ पडून. म्हणजे ओपीडी कमी झाली नव्हती. २०१६ च्या जूनचे चारही शनिवार मिळाले: १२, ८, १४, १०. चौदाचा आठवडा घाटात दरड आली तेव्हाचा, बाईंनी शेजारी तसं लिहून ठेवलंय. चारही आठवड्यांच्या एकूण तपासण्याही उतरवून घेतल्या आहेत, सगळ्या २०० च्या वरच. आकडेमोडे, तुम्ही विचारलं नसतंत तर मी ही वही उघडलीच नसती.

बाईंना परवा फोन केला. आधी म्हणाल्या, कशाला गं. मग अर्जाचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी दोन दुरुस्त्या सांगितल्या. एक, केसपेपरवर लाल रेघ मारायची कल्पना त्यांची नव्हती, खिडकीवर बसणाऱ्या मुलाची होती, तो त्या वाड्यांतलाच होता आणि नावावरून गाव ओळखायचा. दोन, मावशींनी तीन फेऱ्या मारायचं कबूल केलं तेव्हा त्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून बाईंनी दुसरी फेरी स्वतःकडे घेतली होती. वर्षभर. हे मला माहीतच नव्हतं. मेट्रन रोज साडेबाराला लॅबमध्ये का जायच्या असा प्रश्नही मला कधी पडला नाही.

त्यांची अट अशी की टेक्निशियन, मावशी आणि खिडकीवरचा मुलगा या तिघांची नावं असतील तरच अर्ज पाठवायचा. अर्जात सहकाऱ्यांसाठी जागा नाही, म्हणून जोडपत्राच्या पहिल्याच ओळीत चार नावं घातली, बाईंचं चौथं. त्यांनीच सांगितला तो क्रम.

‘सेवा’च्या रकान्यात ॲनआर्बरकर यांनी सांगितलं तसं लिहिलं. बाईंच्या हाताखाली शिकून आज इन्चार्ज असलेल्या अकरा जणी मोजल्या, त्यातल्या दोघींच्या रुग्णालयांत हाच डबा आहे. एकीने फोटो पाठवला, तिचा प्लास्टिकचा आहे.

निबंधांच्या जागी शून्य लिहिलं आहे. मास्तर, एसटीचं वेळापत्रकही जोडलं, दारावरून सोडवताना थोडं फाटलं. त्याच्या जागी मी नवीन उतरवून आणलं, कारण आता ती गाडी १२.५० ला सुटते, आणि आमची दुसरी फेरी साडेबारालाच होती ती सोमवारपासून सव्वाबाराला केली आहे.