क्लोझापिन आणि दर आठवड्याला रक्त?

धाकट्याची ताई: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन औषधं पुरेशा डोसात, पुरेसे दिवस देऊन झाली, तरी त्याला ऐकू येणारे आवाज थांबत नाहीत. रात्री भिंतीशी भांडतो. डॉक्टर आता क्लोझापिन म्हणताहेत, पण दर आठवड्याला रक्त तपासायचं. इतकं घातक आहे का ते?

पाचवं वर्ष: मी तेच घेतो. क्वचित कुणाच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम घटतात, म्हणून तपासणी. पहिले १८ आठवडे जास्त जपायचं, मग अंतर वाढतं. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी कळवा. आणि बद्धकोष्ठ! लाजून लपवू देऊ नका, जिवावर बेततं. माझे आवाज गेले नाहीत, शेजारच्या खोलीत गेल्यासारखे झाले. तेवढ्यानं पुस्तक वाचता येतं.

धाकट्याची ताई: तो सिगारेट ओढतो. सोडवू?

पाचवं वर्ष: डॉक्टरांना सांगूनच. धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. अचानक सोडली की रक्तातलं प्रमाण चढतं. माझं तसंच झालं, दोन दिवस नुसता लोळत होतो.

एकाची आई: भिंतीशी भांडताना ‘तिथे कुणी नाही’ म्हणून वाद घालू नकोस गं. भीती वाटतेय का, एवढंच विचार.