रहस्यकथेचा नायक: अंगकाठी पाहावी की अभिनय?

मंगळवारपेठकर:
आमचा कोल्हापुरातील हौशी नाट्यसंघ एका मित्राच्या अप्रकाशित रहस्यकादंबरीवर लघुपट करीत आहे. तिचा नायक, म्हणजे बडतर्फ झालेला एक फौजदार, ६ फूट २ इंच उंच आणि भरदार छातीचा असल्याचे पहिल्याच पानावर लिहिले आहे. निवडीत आता दोघे उरले आहेत. पहिला तालमीत घडलेला पैलवान आहे. मुडपलेल्या कानांमुळे तो पाहताक्षणी फौजदारच वाटतो, परंतु समोरचा बोलत असताना तो केवळ स्वतःच्या वाक्याची वाट पाहत उभा राहतो. दुसरा जेमतेम ५ फूट ६ इंचांचा, अगदीच काडीपैलवान आहे. ‘दारावर थाप पडते’ एवढाच प्रसंग दिला असता त्याने चहाचा कप आवाज न करता खाली ठेवला आणि खुर्ची दारासमोरून भिंतीकडे सरकवली. संहितेत यातले काहीच नव्हते. लेखक मात्र उंचीवर अडून बसला आहे. काय करावे?

जुना वाचक:
लेखकाचा हट्ट हसण्यावारी नेऊ नये. ली चाइल्ड यांच्या रहस्यकादंबऱ्यांचा नायक जॅक रीचर ६ फूट ५ इंचांचा आहे. २०१२ च्या चित्रपटात उंचीने बरेच कमी असलेल्या टॉम क्रूझ यांनी ती भूमिका केली, तेव्हा अनेक वाचक नाराज झाले, आणि २०२२ च्या मालिकेत धिप्पाड अ‍ॅलन रिचसन आल्यावर त्यांचे समाधान झाले. क्रूझ अभिनयात कमी पडले असे नव्हे. रीचर खोलीत शिरताच समोरच्यांचे हिशेब बदलतात आणि त्याच्या मारामाऱ्याही त्या देहावरच रचलेल्या असतात. उंची वजा केल्यास आपल्या कथेतील कोणता प्रसंग कोसळतो, ते आधी तपासावे.

रंकाळाकाठ:
लेखकाचे मत बदलूही शकते. १९६२ च्या पहिल्या बाँडपटासाठी शॉन कॉनरी यांची निवड बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांना आरंभी रुचली नव्हती. पुढे १९६४ च्या कादंबरीत त्यांनी बाँडचे वडील स्कॉटिश असल्याचे लिहिले, आणि कॉनरी तर स्कॉटलंडमधील एडिनबराचेच. शिवाय डोळ्यांच्या पातळीखालून कॅमेरा लावला आणि जुन्या वाड्याची बुटकी चौकट निवडली, तर ५ फूट ६ इंचांचा माणूसही वाकूनच आत येतो. समोरच्याचे ऐकणे मात्र कॅमेऱ्याला उसने देता येत नाही. (कोल्हापूरचा नायक म्हणजे ओरडून बोलणारा रांगडा गडी, हा समजही या निमित्ताने सोडावा.)

मंगळवारपेठकर:
जुना वाचक यांच्या सूचनेनुसार संहिता पुन्हा वाचली. उंचीवर बेतलेले दोनच प्रसंग निघाले. गोदामाच्या झरोक्यातून किल्ली काढण्यासाठी लेखकाने स्वतःच स्टूल सुचवले. पंचगंगा घाटावरील झटापट मात्र अडली होती. आता पैलवानाला खलनायकाच्या, फारसे न बोलणाऱ्या हस्तकाची भूमिका वाचण्यास बोलावले आहे, म्हणजे त्या झटापटीत नायक हरेल की काय, अशी खरी धास्ती वाटेल. लेखकाने काडीपैलवानाला होकार दिला आहे, परंतु पहिल्या पानावरची उंची खोडण्यास तो अद्याप तयार नाही.