रणगाड्यांचा डाव तिसऱ्या पाळीतच संपतो : दोष टेबलाचा की नियमांचा?

विश्रामबाग_६मिमी :

टेबलावर रणगाड्यांची छोटी मॉडेल मांडून आम्ही फाशांवर लढाईचा खेळ खेळतो. मॉडेल १:२८५ मापाची. टेबल ६×४ फूट, म्हणजे १८०×१२० सेंमी. जमिनीचं माप १ सेंमी = २५ मीटर, एक पाळी म्हणजे साधारण ३० सेकंद. एका बाजूला आठ लेपर्ड २ (पश्चिम जर्मन रणगाडे), दुसऱ्या बाजूला आठ टी-७२ (सोव्हिएत रणगाडे). नियम घरचेच आहेत : फाशावर ४ किंवा जास्त आलं की गोळा लागला, पुढच्या फाशावर ३ किंवा जास्त आलं की चिलखत फुटलं. पल्ला २५०० मीटर, म्हणजे १०० सेंमी. एका बाजूने सगळे रणगाडे हलवून डागायचे, मग दुसऱ्या बाजूने.

अडचण अशी की ज्याची पहिली पाळी तोच जिंकतो. तिसरी पाळी संपेपर्यंत समोर एखाददुसरा रणगाडा उरतो. टी-७२ दोन जास्त देऊनही फरक पडला नाही. टेबलावर दोन टेकड्या, एक रस्ता, चार घरं आणि थोडी झाडं आहेत.

नियम बदलावेत की टेबल? टेबल बदलायचं तर सांगली-मिरजेत सहज मिळणाऱ्या सामानातून काय करता येईल? थर्मोकोल नको, दाणे सुटतात.

अजिंक्यतारा :

आधी आकडेमोड करून बघा, दुखणं कुठे आहे ते लगेच दिसेल. ४+ म्हणजे निम्मे गोळे लागणार, ३+ म्हणजे त्यातले दोन तृतीयांश चिलखत फोडणार. म्हणजे दर तीन गोळ्यांमागे एक रणगाडा गेला. पहिल्याने आठ गोळे डागले की समोरचे सरासरी २.७ गेले. उरलेले ५.३ उत्तर देतात, त्यात पहिल्याचे १.८ जातात. दुसऱ्या पाळीनंतर साधारण ५ विरुद्ध ३, तिसऱ्या पाळीत पहिल्याने डागलं की समोर दीड रणगाडा. तुमचा डाव तिसऱ्या पाळीत संपतो हा योगायोग नाही, तुमचे नियम तेच सांगतात.

यात दोन चुका आहेत. पहिली म्हणजे अख्खी बाजू एकदम डागते. ते बंद करा. रणगाडे पलटणीत वाटा : लेपर्डच्या चार-चारच्या दोन पलटणी, टी-७२ च्या तीन-तीनच्या तीन आणि एक कंपनी कमांडरचा, असे दहा. पश्चिम जर्मन पलटण चारची आणि सोव्हिएत टँक रेजिमेंटमधली कंपनी दहाची, त्यामुळे ही वाटणी खऱ्या रचनेलाही धरून आहे. एक पलटण हलवून डागली की समोरची एक पलटण. पहिल्या पाळीचा फायदा आठ गोळ्यांवरून चार गोळ्यांवर येतो.

दुसरी चूक म्हणजे स्वस्थ बसलेल्या रणगाड्याला तुमच्या नियमांत काही फायदाच नाही. खऱ्या लढाईत जो आधीच दबा धरून बसलाय तो पहिला गोळा मारतो आणि आडोशातून बाहेर येणारा मरतो. म्हणून ‘टपून बसणे’ हा नियम घाला. पलटण हलली नाही आणि डागलीही नाही तर तिच्यावर लाल मणी ठेवायचा. शत्रू तिच्या नजरेसमोरून, तोफेच्या दिशेच्या ९० अंशांत आला की त्याची चाल मध्येच थांबवून प्रत्येक रणगाड्याने एकदा डागायचं, ४+ ऐवजी ५+ ने. डागलं की मणी उचलायचा. मणी उचलायला विसरलात तर एकच पलटण एका पाळीत दोनदा-तीनदा डागते आणि डाव पुन्हा तिथेच येतो. मण्यांची वाटी मधोमध ठेवा आणि डागणाऱ्याने मणी वाटीत टाकल्याशिवाय फासा टाकायचा नाही, एवढी शिस्त पुरते.

कृष्णाकाठ :

वरच्यांची आकडेमोड बरोबर आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे. नियमांना हात लावायच्या आधी टेबल भरा. १२० सेंमी रुंदीच्या टेबलावर १०० सेंमी पल्ला म्हणजे पहिल्या चालीपासून प्रत्येक जण प्रत्येकाच्या टप्प्यात. दोन टेकड्यांनी काही झाकत नाही. आधुनिक रणगाड्यांच्या डावात पल्ला जवळजवळ कधीच कमी पडत नाही, म्हणून नजर अडवणारी जमीन हाच खरा पल्ला.

चाचणी सोपी आहे. टेबलाच्या दोन्ही लांब कडांवर ३०, ६०, ९०, १२० आणि १५० सेंमीवर एकेक रणगाडा ठेवा. समोरासमोरच्या पाच-पाच बुरुजांत (बुरूज म्हणजे तोफ असलेला वरचा फिरता भाग) शिवणाचा दोरा ताणून पाहिला की २५ रेषा होतात. त्यातल्या सात-आठपेक्षा जास्त मोकळ्या असतील तर टेबल उघडं आहे, डाव लावू नका.

भरायला सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे दारातलं काथ्याचं पायपुसणं. १:२८५ ला तीन मीटरचा ऊस म्हणजे साडेदहा मिलिमीटर. साध्या पायपुसण्याची एकूण जाडी १५ मिमीच्या आसपास, तळ वजा केला की काथ्या साधारण १२ मिमी उरतो. टी-७२ बुरुजाच्या छतापर्यंत सव्वादोन मीटर, म्हणजे जेमतेम ८ मिमी. तो पूर्ण बुडतो. वरून पाहिलं तर काथ्याचे उभे तंतू अगदी पाचट धरलेल्या उसासारखे दिसतात, बुडाशी पिवळट तपकिरी आणि वर हिरवा हात मारला की झालं.

४०×६० सेंमीचं एक पायपुसणं घ्या, मात्र तळाला पीव्हीसीचा थर असलेलं. विणलेलं घेतलंत तर कापताच कडा उसवत जातात. नाइलाजाने तेच वापरायचं असेल तर कापायच्या रेषेवर मागून फेविकॉलचा दोन बोटं रुंद पट्टा द्या, रात्रभर वाळू द्या, मग कापा. पीव्हीसीवालं नेहमी मागून कापायचं, कटरने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत. पुढून कापलंत तर काथ्याचे तंतू तुटून कडा टक्कल पडल्यासारख्या दिसतात. तुकडा ६×४ सेंमीचा ठेवा. जमिनीच्या मापाने तो १५०×१०० मीटर, म्हणजे दीड हेक्टर, जवळपास पावणेचार एकर. आपल्याकडच्या बऱ्यापैकी मोठ्या उसाच्या रानाएवढा.

हिशोबाने शंभर तुकडे निघतात, हाती ८५ लागतात. पूर्ण पायपुसणं म्हणजे तुमच्या टेबलाचा फक्त नववा भाग, त्यामुळे दोन लागतील. तुकडे सुटे-सुटे विखरू नका. चार-सहाचे पट्टे करा आणि दोन पट्ट्यांमध्ये १ सेंमीची पाणंद सोडा. पाणंदीच्या तोंडाशी टपून बसलेला एकच रणगाडा अख्खी पलटण अडवतो. नियम एवढाच : उसातून १ सेंमीपलीकडे दिसत नाही. कडेला बसलेला बाहेर पाहू शकतो, आत बसलेला नाही.

रंग देताना ब्रश सपाट आणि जवळजवळ कोरडा हवा. ओला रंग काथ्यात खाली उतरतो, तंतू चिकटून झुपके होतात आणि उसाचा गवताचा गठ्ठा होतो.

आता लेपर्ड आणि टी-७२ म्हणजे जर्मनीचं मैदान, तिथे ऊस नाही. तेच तुकडे कात्रीने काथ्या ९ मिमीवर आणून मका म्हणून वापरा, आणि जोडीला जंगलाचे मोठे सलग पट्टे ठेवा. पण सरळ ऊसच ठेवायचा असेल तर १९६५ चं भारत-पाक युद्ध खेळा.

विश्रामबाग_६मिमी :

पायपुसण्याचं लगेच करून बघतो. दोन शंका. टेबलावरच्या रानांचे बांध किती उंच करू? आणि मागच्या पावसाळ्यात स्प्रे प्रायमरवर पांढुरकी झाक आली, ती कशाने?

कृष्णाकाठ :

बांधाला फ्लेक्स छापणाऱ्यांकडे उरलेले सनबोर्डचे (हलक्या पीव्हीसी फोमच्या पाटीचे) तुकडे मागा, ३ आणि ५ मिमी दोन्ही. इथे सगळे एक चूक करतात. टी-७२ ची हल, म्हणजे बुरुजाखालचा भाग, या मापात ५ मिमीच्या आसपास, म्हणून ५ मिमीचा बांध करतात. पण मॉडेल २ मिमीच्या एमडीएफ तळावर चिकटवलेलं असतं, त्यामुळे हल बांधाच्या वर डोकावते आणि दर वेळी वाद होतो. ५ आणि ३ एकावर एक चिकटवून ८ मिमीचा बांध करा : हल झाकते, बुरूज दिसतो. बांधामागच्या रणगाड्याला ४+ ऐवजी ५+ ने लागतं असं धरलंत की आठ गोळ्यांत २.७ ऐवजी १.८ जातात.

टेकडी म्हणजे ५ मिमीचे तीन थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा ३ सेंमी आत. सनबोर्ड गुळगुळीत असतो, त्यावर रंग नखाने निघतो. आधी १०० नंबरच्या सँडपेपरने घासा, मग फेविकॉल आणि चाळलेली बारीक वाळू.

पांढुरकी झाक हवेतल्या ओलाव्याची. जुलै-ऑगस्टमध्ये स्प्रे मारूच नका, प्रायमर ब्रशने पातळ दोन हात द्या. एप्रिल-मेमध्ये उलटं होतं, दुपारच्या उन्हात थेंब हवेतच वाळून मॉडेलवर भुकटी बसते, तेव्हा सकाळी आठच्या आत उरका. आणि टेबलाची फळी ३ मिमी एमडीएफची असेल तर दोन्ही बाजूंनी रंगवा. एकाच बाजूने रंगवली तर पावसाळ्यात धनुष्यासारखी वाकते.

माणदेशी :

टेबल झालं, पाळ्या झाल्या. पण या नियमांत लेपर्ड आणि टी-७२ हे एकच रणगाडे आहेत, वेगळे फक्त आकाराने. फरक चिलखताच्या आकड्यात शोधू नका, तो टेकडीवर आहे. टी-७२ ची तोफ सुमारे ६ अंशच खाली झुकते, लेपर्ड २ ची ९ अंश. लेपर्ड टेकडीमागे राहून नुसता बुरूज काढून खाली डागतो, टी-७२ ला त्यासाठी हल माथ्यावर आणावी लागते. म्हणून टी-७२ ला बांधामागे ५+ चा आडोसा द्या, टेकडीच्या माथ्यावर देऊ नका.

दुसरा फरक मागे येण्याचा. टी-७२ मागे फक्त ताशी ४ किमीने जातो, ३० सेकंदांत ३३ मीटर, म्हणजे टेबलावर सव्वा सेंमी. लेपर्ड २ मागे ताशी ३१ किमीने जातो, तो १० सेंमी मागे सरकतो. लेपर्डने डागावं आणि खाली उतरावं. टी-७२ ला एकदा पुढे आलं की पुढेच जावं लागतं, किंवा वळून पाठ दाखवावी लागते. मागच्या चिलखतावर २+ ठेवा. हे दोनच नियम घातले तरी दोन बाजू वेगळ्या खेळायला लागतात, आणि दहा विरुद्ध आठ ही संख्या तेव्हा अर्थपूर्ण होते.

क्षेपणास्त्रं आणाल तर माल्युत्का या सोव्हिएत रणगाडाभेदी क्षेपणास्त्राचा किमान पल्ला विसरू नका : ५०० मीटर, म्हणजे २० सेंमीच्या आत ते निरुपयोगी. ३००० मीटरवर पोचायला २५ सेकंदांच्या वर लागतात, जवळपास तुमची पूर्ण पाळी. म्हणून डागल्यावर लक्ष्याला एकदा चाल द्या. तो उसात किंवा धुरात शिरला तर क्षेपणास्त्र वाया.

१९६५ ची सूचना मला फार पटली. ८ ते १० सप्टेंबरला खेमकरण भागात असल उत्तरला भारतीय रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात उसात दबा धरून होते आणि शेतांत पाणी सोडलेलं होतं. ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शेरमन, ८ कॅव्हलरीचे एएमएक्स-१३, आणि ४ ग्रेनेडियर्सच्या जीपवरच्या १०६ मिमी रिकॉइललेस (धक्का न बसणाऱ्या) तोफा. अब्दुल हमीद त्याच तोफेवर होते. समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. त्यासाठी काथ्या छाटू नका : पॅटन तीन मीटरच्या वर उंच आहे, साडेदहा मिमीच्या उसातून त्याचा बुरूज डोकावतो, १२ मिमी हवाच. थर्मल साइट (उष्णतेवरून लक्ष्य दाखवणारी दुर्बीण) कोणाकडेच नाही, पल्ला ४० सेंमीवर आणा.

ओल्या रानासाठी तुकड्यांच्या कडेला तपकिरी रंगावर चकचकीत वॉर्निशचे दोन हात द्या. अशा रानात शिरणाऱ्या प्रत्येक रणगाड्याने फासा टाकायचा, १ किंवा २ आला की तिथेच रुतला. रुतलेला डागू शकतो, पण टपून बसू शकत नाही. रिकॉइललेस जीपला एकदा डागल्यावर पुढच्या पाळीला हललंच पाहिजे असा नियम करा, मागच्या भडक्याने आणि धुळीने तिची जागा उघडी पडते. हलली नाही तर शत्रूला तिच्यावर ३+.

सेंच्युरियन आणि पॅटन दोन्ही अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहायला मिळतात. रंगवण्याआधी चाकांवरच्या पत्र्यांचे आणि बुरुजाच्या मागच्या टोपलीचे फोटो काढून आणा, या मापात रणगाडा ओळखू येतो तो त्या दोन जागांवरूनच.

विश्रामबाग_६मिमी :

ठरलं : दोन पायपुसणी, ८ मिमीचे बारा बांध, सहा सेंच्युरियन, दोन जीप, बारा पॅटन. थ्रीडी प्रिंट केलेल्या पॅटनच्या तोफांच्या नळ्या मात्र हात लागताच तुटतात.

अजिंक्यतारा :

या जाडीला रेझिन टिकतच नाही. नळी मुळाशी कापा, ०.६ मिमी ड्रिलने ३ मिमी खोल भोक पाडा आणि टाचणी डोकं कापून फेविक्विकने बसवा. भोक हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, म्हणजे पिन-व्हाइसनेच पाडा, मोटरच्या ड्रिलने बुरूज दुभंगतो. आणि बारा पॅटन एकदम आणू नका. चार-चारच्या तीन लाटा करा, दुसरी लाट तिसऱ्या पाळीला, तिसरी पाचव्या पाळीला.